होडी मागे घेताना कुणी बोलायचं नाही

गाडी मागे घेणाऱ्याला दिशा दाखवणं हा माझ्या नवऱ्याचा छंद आहे. कॉलनीत कुणाची गाडी गेटमधून मागे येताना दिसली की तो चहाचा कप कठड्यावर ठेवतो, पायात चपला सरकवतो आणि खाली जातो. गाडीच्या मागे जरा बाजूला उभा राहतो आणि उजवा हात हलवायला लागतो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डावी मारा… येऊ द्या… बस!" 'बस' म्हणताना डिकीवर एक थाप. पाण्याचा टँकर असो, शाळेची व्हॅन असो की नवी कोरी गाडी घेऊन आलेला कुणाचा जावई असो, थाप सगळ्यांना सारखीच. त्याच्या सांगण्यावरून आजवर एकही गाडी कशाला लागलेली नाही, असं तो म्हणतो. एकदा आमचीच एक कुंडी फुटली होती. पण त्याच्या मते कुंडी चुकीच्या जागी होती.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या सवयीवरून झालं.

नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, हास्यक्लब लावतात, भाज्या निवडून घेतात. याने होडी घेतली. तीही शिडाची. तरुणपणी कधीतरी आठवडाभराचं शिबिर केलं होतं, तेवढ्या भांडवलावर. होडी मुंबईकडची, जुनी. ट्रकवर दोर बांधून कसारा घाट चढून आली आणि गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरली. समुद्र पाहिलेल्या होडीला म्हातारपणी धरण दाखवलं आम्ही. मागे एक छोटं इंजिन टांगलेलं आहे. जागेवरून निघेपर्यंत ते चालवायचं, मोकळ्या पाण्यात गेलं की बंद करून शीड चढवायचं. नवरा तिला यॉट म्हणतो. त्याच्या बहिणीचे यजमान, नांदगावचे दाजी, तिला नाव म्हणतात. मी होडी म्हणते.

घेण्याआधी मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हणाले, "घ्या. पण ते शीड माझ्या दुकानात प्रेसला आणायचं नाही." माझं साड्यांना पॉलिश आणि रोलप्रेस करून द्यायचं दुकान आहे. माहेर येवल्याचं, साड्यांमध्येच वाढले, त्यामुळे दुसरं काही सुचलंही नाही. शीड म्हणजे कुणी न नेसलेली, जाड पोताची साडी, एवढंच मला त्यात दिसतं.

धरणाच्या काठावर एक खासगी क्लब आहे. क्लब म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची एक शेड, चहाची टपरी, आणि निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांवर फळ्या ठोकून केलेली तरंगती जेटी. या जेटीला काटकोनात आखूड फाटे काढलेले आहेत. दोन फाट्यांच्या मध्ये दोन होड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, नाक आत, शेपूट बाहेर. त्या जागेला इंग्रजीत काहीतरी नाव आहे. मी दुकानदार बाई, मी गाळा म्हणते.

आमच्या गाळ्यातले शेजारी दातांचे डॉक्टर. तेच क्लबचे सचिव. त्यांची होडी पांढरीशुभ्र, आणि ते तिला त्यांच्या पेशंटच्या दातांपेक्षा जास्त घासतात. त्यांची होडी पूर्वेच्या फाट्याला, आमची पश्चिमेच्या. वारा येतो पश्चिमेकडून. दुपारी तीन वाजून गेले की त्र्यंबकच्या डोंगरांकडून तो निघतो आणि आडवा येऊन आमच्या होडीच्या कुशीला लागतो. म्हणजे दोर सोडला रे सोडला की आमची होडी कुठे जाणार, हे सांगायला शिबिर करावं लागत नाही.

पहिल्यांदा लागली तेव्हा मी काठावर होते. नवरा सुकाणूचा दांडा धरून बसलेला, इंजिन चालू, आणि जेटीवर क्लबचे वॉचमनमामा हात हलवत उभे. आता इथे गंमत बघा. आयुष्यभर दुसऱ्यांना 'येऊ द्या' म्हणालेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी 'येऊ द्या' म्हणत होतं. तो इतका खूश झाला की मान मागे वळवून मामांच्या हाताकडेच बघत राहिला. मामाही होडीच्या शेपटाकडे बघत होते. टपरीवरचे चार लोकही शेपटाकडेच बघत होते. गाडी मागे घेताना मागे बघायचं असतं, ही आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली गोष्ट. पण गाडीची चाकं जमिनीवर असतात, पुढचं तोंड आपलं आपण कुठे जात नाही. होडीचं जातं. शेपूट व्यवस्थित सरळ मागे येत होतं, 'येऊ द्या, येऊ द्या' चाललं होतं, आणि कुणाचंही लक्ष नसलेलं नाक वाऱ्याने हळूच उचलून डॉक्टरांच्या होडीवर नेऊन टेकवलं. टेकवलं म्हणजे घासलं. कुकरचं झाकण वाकडं बसल्यावर येतो तसा आवाज आला.

"बस!" मामा म्हणाले. जरा उशीरच झाला होता.

आणि थांबायला होडीला ब्रेक नसतो.

डॉक्टर सभ्य माणूस आहेत. त्यांनी बोटाने ओरखडा चाचपला, जसा ते किडका दात चाचपत असतील तसा. म्हणाले, "असू द्या. होतं सुरुवातीला."

दुसऱ्यांदा दाजी आले होते. दाजींची नांदगावला शेती आहे, आणि ट्रॅक्टरला कांद्याची भरलेली ट्रॉली लावून ती मागे घेण्यात त्यांचा हात धरणारं तिकडे कुणी नाही. हे मी नाही, तेच सांगतात. त्या दिवशी त्यांनी वॉचमनमामांना बाजूला केलं आणि स्वतः फाट्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"तुमी काय टेन्शन घेऊ नका. मी हाय ना हितं. येऊ द्या!"

"दाजी, वारा आहे," मी म्हणाले.

"वारा काय करतोय? ट्रॉली लय जड असती वहिनी, ती ऐकती माझं. ही तर हलकी हाय."

हलकी होती म्हणूनच ऐकलं नाही तिने. दाजी एकदा डावीकडे हात दाखवत होते, एकदा उजवीकडे, नवरा दांडा तसातसा फिरवत होता, दोघंही तल्लीन होते. नाक पुन्हा गेलं. यावेळी ओरखडा पहिल्याला समांतर उठला, पट्टी धरून ओढल्यासारखा.

दाजींनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "रोड नाय ना सरळ. पाणीच वाकडं हाय तुमचं."

डॉक्टर या वेळी 'असू द्या' म्हणाले नाहीत. क्लबचा नियम शेडमध्ये पाटीवर लिहिलेलाच आहे: शेजारच्या होडीला तीनदा लावली तर गाळा गेला. होडी मग आत पाण्यात, नांगराला बांधलेल्या तरंगत्या पिंपाला नेऊन लावायची. तिथपर्यंत छोट्या वल्ह्याच्या डोंगीतून जायचं आणि डुलत्या डोंगीतून होडीत चढायचं.

वाचायला सोपं आहे. पण माझ्या नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. फळीवरून होडीत तो उतरू शकतो, कारण फळी आणि होडी जवळपास एका पातळीला असतात. डोंगीतून कठड्यावर पाय टाकून वर चढणं त्याच्याकडून होणार नव्हतं. डॉक्टरांना हे माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. गाळा गेला की होडी गेली. पिंपाला बांधलेल्या होडीकडे काठावरून बघत बसायला काय, टपरीवर खुर्ची मिळाली असती.

आम्ही गाडीत परत निघालो. गंगापूर रोडला एक टेम्पो गेटमधून मागे येत होता, खाली उतरून हात दाखवायची उत्तम संधी होती, ती त्याने सोडली. तेव्हा मला काळजी वाटली. आणि माझी बाजूही सांगते. होडी नसलेला नवरा घरी बसला नसता. तो माझ्या दुकानात येऊन बसला असता. साडी रोलरवर चढताना त्याने मुलींना हात दाखवून 'येऊ द्या, येऊ द्या' केलं असतं. ते मला परवडणारं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, तुमची होडी कधी कशाला लागत नाही. तुम्ही वाऱ्यात कशी काढता?"

"मी वाऱ्यात काढतच नाही वहिनी. सकाळी सातला जातो, तेव्हा पान हलत नाही."

"मग बाकीचे?"

"बाकीचेही सकाळीच."

म्हणजे आडव्या वाऱ्यात गाळ्यातून होडी काढता येणारा माणूस अख्ख्या क्लबात नव्हता. पण ओरखडे आमचे दिसले. मी म्हटलं, आम्हीही सकाळी येतो मग. त्यावर डॉक्टर म्हणाले, "सकाळी गेलात तरी कधीतरी दुपारी निघावं लागेलच, नाही का? समितीत बोलणं झालंय. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी दुपारी चारला तुम्ही एकदा काढून दाखवा. न लावता निघाली तर मागचे दोन सोडून देऊ, गाळा तुमचा. लागली तर मग…"

"पिंप."

"पिंप," डॉक्टर म्हणाले. "मलाही बरं वाटणार नाही."

"कुणी काढायची, ते ठरलंय का?"

"तुमची होडी आहे. कुणीही काढा."

फोन ठेवून मी नवऱ्याला सांगितलं की सुकाणूवर मी बसणार. तो म्हणाला, "तू?" मी म्हटलं, "मी. तुमची मान मागे वळते, माझी वळत नाही. मला मानेचा त्रास आहे." हे खरंच आहे. रोलप्रेसवर वाकून वाकून मान गेलेली आहे. उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला.

आता वाऱ्याचं काय करायचं, हे मला गच्चीवर समजलं. धुतलेल्या साड्या आम्ही दुकानाच्या वरच्या गच्चीवर वाळत घालतो. वारा आडवा असला की नवीन मुलगी हमखास एक चूक करते. ती साडी आधी त्या बाजूने बांधते जिकडे वारा चाललाय. मग उरलेली साडी तिच्या तोंडावर येते आणि ती आंधळी कोशिंबीर खेळत बसते. वारा जिकडून येतो ते टोक आधी धरायचं असतं, आणि शेवटी सोडायचं असतं. बाकीची साडी मग उडते, पण शहाण्यासारखी उडते. आमच्या होडीवर सगळे लोक वाऱ्याकडचा दोर सगळ्यात आधी सोडत होते. निघायचं तर दोर सोडायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

मी नवऱ्याला कागदावर काढून दाखवलं. पश्चिमेचा फाटा आपला. त्याच्या टोकाला लोखंडी खुंटा आहे. होडीच्या नाकावरून एक लांब दोर न्यायचा, खुंट्यामागून फिरवायचा आणि परत नाकावर आणायचा. दोन्ही टोकं आपल्याच हातात. इंजिन मागे घेतंय, होडी हळूहळू सरकतेय, आणि नाकावर बसलेला माणूस दोर ओढत ओढत नाकाला फाट्याजवळ धरून ठेवतो. नाक खुंट्याशी आलं की एक टोक सोडायचं, दुसऱ्या टोकाने दोर ओढून घ्यायचा. झालं. मागे कुणी बघायचं नाही, पुढे बघायचं.

नवऱ्याने कागद फिरवून फिरवून पाहिला. मग इंजिनियर माणसाच्या चेहऱ्याने म्हणाला, "तत्त्वतः बरोबर आहे."

"नाकावर तुम्ही. बसून करायचं काम आहे, गुडघ्याला काही नाही."

"आणि दिशा कोण सांगणार?"

"कुणीही नाही."

त्याने कागदाची घडी केली. चेहरा असा केला की जणू मी होडीचं शीडच काढून टाकलंय.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दुपारी सरावाला गेलो. नशिबाने डॉक्टरांची होडी त्या आठवड्यात काठावर काढलेली होती, आमचे ओरखडे बुजवायला. शेजारचा अर्धा गाळा रिकामा, म्हणजे चुकलो तरी लागायला काही नव्हतं. बरोबर मोजून चुकलो. नाक खुंट्याशी आलं, मी म्हटलं "सोडा", त्याने टोक सोडलं, दोर सरसर निघाला आणि अचानक खुंट्याला गच्च बसला. नाक एका हिसक्याने तिकडे अडकलं, शेपूट वाऱ्यावर फिरलं, आणि आम्ही जिथे डॉक्टरांची होडी असायला हवी होती बरोबर तिथे, आडवे.

मी पुढे जाऊन पाहिलं. दोराच्या टोकाला घट्ट, सुबक गाठ होती. ती खुंटा आणि फळी यांच्या मध्ये अडकली होती.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी. टोकाला गाठ मारायचीच असते. नाहीतर हातातून निसटतो ना दोर."

"अहो, निसटायलाच पाहिजे तो!"

या माणसाच्या घरातल्या प्रत्येक दोरीच्या टोकाला गाठ आहे. पडद्याच्या, पिशवीच्या, छत्रीच्या बंदाच्याही. नोकरीत याचं काम काहीही सुटू न देणं हेच होतं, आणि ते त्याने मन लावून केलं. पंधरा वर्षं बंद पडलेला टेबलफॅन माळ्यावर आहे, 'कधी लागला तर'. आणि मी त्याला कशासाठी बसवलं होतं? सोडण्यासाठी.

गाठ सोडली. पुन्हा केलं. मग तो दोर फार आधी सोडायला लागला, कारण मी ओरडेन अशी भीती. मग फार उशिरा, कारण मी ओरडले होते. वॉचमनमामा फाट्यावर येऊन उभे राहिले आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. मी नुसतं पाहिलं. मामांनी हात खिशात घातला. सूर्य डोंगराकडे कलेपर्यंत आम्ही एकदाच नीट निघालो, आणि तेही वारा जरा दमला होता म्हणून.

घरी येताना नवरा म्हणाला, "रविवारी सकाळपासून वारा नसला तर?"

"चारला असतोच."

"नसला तर?"

"नसला तर डॉक्टर पुढच्या रविवारी बोलावतील. तुम्ही प्रार्थना चुकीची करताय."

रविवारी वारा होता. चांगला सणसणीत होता. टपरीच्या पत्र्यावरून पेपरकप उडत होते. परीक्षेची बातमी सगळीकडे गेली होती, त्यामुळे एरवी सकाळी सातला येणारे सगळे दुपारी चारला आले होते. दाजीही आले होते, नणंदेला घेऊन. बरोबर डब्यात शेव आणि भाकरी, म्हणजे मुक्काम लांबला तरी अडचण नको. डॉक्टरांची होडी परत पाण्यात उतरलेली, नवा रंग चकाकत होता. रंगामुळे तिची किंमत वाढल्यासारखी वाटत होती.

मी जेटीवर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "एक विनंती आहे. होडी मागे येताना कुणी काही बोलायचं नाही. हातही दाखवायचे नाहीत."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अंत्यविधीला गेल्यासारखे गप्प झाले. दाजी म्हणाले, "म्हणजे नुसतं बघायचं?"

"नुसतं बघायचं, दाजी."

"मग आमचा काय उपेग?"

नणंद म्हणाली, "तुमचा काय उपेग ते मागल्या टायमाला बघितलंय समद्यांनी. गप बसा."

नवरा खाली होडीत उतरला. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. नाकावर जाऊन पाय पसरून बसला, दोराची दोन्ही टोकं हातात. मी टोकं तपासली. गाठ नव्हती. त्याला राग आला, पण काही बोलला नाही. बोलायचं नाही, हे त्यालाही लागू होतं.

मी इंजिन चालू केलं आणि वॉचमनमामांना बाकीचे दोर सोडायला सांगितलं. होडी वाऱ्याने जराशी डॉक्टरांकडे झुकली आणि दोरावर थांबली. मी मागचा गिअर टाकला. सरकायला लागलो. मी मागे एकदा पाहिलं, कुणी पोहत नाहीये एवढंच, आणि मग नजर पुढे नाकावर ठेवली, नवऱ्याच्या पाठीवर. तो दोर ओढत होता, थोडा, अजून थोडा. पांढरा रंग आमच्या बाजूने असा जवळून जायला लागला की त्यात मला माझं लाइफ जॅकेट दिसत होतं. डॉक्टर आपल्या फाट्यावर उभे होते, दोन्ही हातात एक एक जुनी उशी धरून. बोलायचं नाही म्हटलं होतं, उशा धरायच्या नाहीत असं म्हटलं नव्हतं.

जेटीवर एवढी माणसं, आणि एक शब्द नाही. वाऱ्याचा आवाज आणि इंजिनाचा. दाजींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. 'येऊ द्या' मनातल्या मनात चाललं होतं.

नाक खुंट्याशी आलं. मी म्हटलं, "सोडा!"

त्याने सोडला नाही.

"अहो, सोडा!"

त्याने मान हलवली, पण सोडला नाही. त्याच क्षणी वाऱ्याचा एक मोठा झोत आला, पाण्यावरून काळी सावली पळत यावी तसा. होडी कलली, नाक डॉक्टरांच्या बाजूला जायला धडपडलं आणि दोराने त्याला धरून ठेवलं. नवरा दोन्ही पाय कठड्याला लावून मागे रेलला होता, गुडघ्याची पर्वा न करता. झोत गेला. मग त्याने एक टोक सोडलं, दोर खुंट्यामागून सळसळत निघाला, पाण्यात पडला, आणि नवरा तो हाताहाताने ओढून घ्यायला लागला. गाठ नसलेला, ओला, पूर्ण दोर. आम्ही मोकळ्या पाण्यात होतो. डॉक्टरांच्या होडीला काहीही झालेलं नव्हतं.

जेटीवर सगळे एकदम बोलायला लागले. कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. दाजी तर आमच्यामागे, आम्ही निम्म्या पाण्यात पोचलो तरी, दोन्ही हातांनी 'येऊ द्या, येऊ द्या' करत होते.

मी 'सोडा' म्हणाले तेव्हा सोडला असता तर नाक त्या झोताबरोबर सरळ नव्या रंगात गेलं असतं. तो पुढे बसला होता, झोत येताना त्याला पाण्यावर दिसला होता. मला दिसला नव्हता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, मी लिहिलेलं तो वाचत नाही.

संध्याकाळी वारा पडल्यावर होडी आत घालताना मी दांडा त्याच्याकडे दिला. त्याने ती फाट्यावरच्या जुन्या टायरला टेकवली. "टायरला लागलेलं धरत नाहीत," डॉक्टर काही म्हणायच्या आधीच तो म्हणाला. डॉक्टरांनी हात पुढे केला. "गाळा तुमचा. मनापासून सांगतो, मलाही सुटल्यासारखं वाटलं."

पुढच्या रविवारी दुपारी डॉक्टर स्वतः आले. जरा लाजत म्हणाले, "वहिनी, तो दोराचा प्रकार आम्हालाही दाखवा की. नेहमी सकाळी सातला उठायचा कंटाळा येतो हो."

मी दाखवला. पण त्यांच्या बाजूला वाऱ्याचा हिशोब वेगळा. वारा त्यांना त्यांच्याच फाट्यावर दाबून ठेवतो, त्यामुळे दोर आमच्या फाट्याच्या खुंट्यापर्यंत, आमच्या होडीच्या शेपटामागून न्यावा लागतो. हे सगळं मी समजावून सांगत होते. तोवर डॉक्टरांना धीर निघाला नाही. त्यांनी इंजिन चालू केलं, फाट्यापासून सुटायला दांडा जोरात फिरवला आणि निघाले. माझा नवरा फाट्यावर उभा होता. त्याचा उजवा हात वर आला, तोंड उघडलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि तोंड मिटलं. नियम म्हणजे नियम.

डॉक्टरांचं शेपूट सुरेख आमच्याकडे आलं, आणि बरोबर आमच्या होडीच्या शेपटाला लागलं. कुकरच्या झाकणाचा तोच आवाज.

नवरा वाकून बसला, गुडघा सांभाळत. आमच्या निळ्या रंगावर पांढरा, ठसठशीत ओरखडा उठला होता. त्याने तो बोटाने चाचपला, जसा डॉक्टर चाचपतात तसा. मग वर बघून अतिशय प्रेमाने म्हणाला, "असू द्या डॉक्टर. होतं सुरुवातीला. एक झाला."

तो ओरखडा अजून आहे. डॉक्टरांनी रंग लावून द्यायची तयारी दाखवली, माझ्या पॉलिशवाल्यानेही दाखवली. नवरा लावू देत नाही. पाहुणे आले की आधी शीड दाखवत नाही, आधी तो ओरखडा दाखवतो.